त्वचेला कळणारा भोंगा

यंत्रांच्या खडखडाटात धोक्याचा भोंगा विरून जातो. कर्णबधिर कामगाराला तर तो कधीच ऐकू येत नाही. अशांच्या मनगटावर पट्टा बांधून विजेच्या सौम्य स्पंदांनी त्यांना सावध करता येते. मोबाइलमधल्यासारखी थरथरणारी मोटर चालणार नाही का? चालेल, पण हातात ड्रिल असेल तर एका थरथरीत दुसरी हरवते. विद्युतस्पंद त्वचेतील स्पर्शग्राहींना वगळून थेट चेतातंतूंना उद्दीपित करतो, त्यामुळे होणारी झिणझिणी निराळी ओळखू येते.

हा स्पंद काही मिलिअँपिअरचा असतो आणि सेकंदाचे काही दशसहस्रांशच टिकतो. मात्र जाणवणे आणि दुखणे यांत अंतर थोडे असते. समजा, कोरड्या त्वचेचा रोध 20 किलोओहम आहे. 2 मिलिअँपिअर धारेसाठी 40 व्होल्ट लागतील. घामाने रोध 5 किलोओहमवर आला, की त्याच 40 व्होल्टला धारा 8 मिलिअँपिअर होईल आणि इशाऱ्याऐवजी चटका बसेल! म्हणून परिपथात विभवांतर नव्हे, तर धारा स्थिर राखतात. (वर्गात हे गणित फळ्यावरच करावे, हातावर नको.)

एवढ्याने भागत नाही. पट्टा सैल होऊन विद्युतअग्राची नुसती कडाच त्वचेला टेकली, तर तीच धारा लहानशा क्षेत्रात एकवटते आणि टोचते. आमच्या मते उपकरणाची खरी कसोटी येथे आहे. रोध एकाएकी वाढलेला दिसताच त्याने स्पंद थांबवला पाहिजे. पण मग धोक्याची सूचना द्यायची कोणी? त्यासाठी पट्ट्यात ती थरथरणारी मोटरही ठेवावी, असे आम्हाला वाटते.