दवा, दारू आणि सोळा इंची तोफ

बखरीतला एक उतारा शिकवत होतो. ‘दारूगोळा’ हा शब्द आला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. मराठीच्या मास्तराला हे नवे नाही. मी म्हणालो, “बाबांनो, दारू म्हणजे फारसीत औषध. आपल्या ‘दवादारू’त ती अजून त्याच अर्थाने नांदते आहे.” हशा ओसरला, पण एका मुलाने उठून विचारले, “सर, तोफेत दारूचा स्फोट होतो, तर मग तोफच का फुटत नाही?” माझी पंचाईत झाली. त्या प्रश्नाच्या मागे लागून मी जो निघालो, तो थेट युद्धनौकांच्या तोफांपाशी जाऊन थांबलो.

अजस्र तोफांच्या शेवटच्या युद्धनौका अमेरिकेच्या, ‘आयोवा’ वर्गाच्या. प्रत्येकीवर तीन बुरूज आणि दर बुरुजात तीन, अशा सोळा इंची नऊ तोफा. नळी ६६ फूट लांब. चिलखतभेदी गोळा २,७०० पौंडांचा, म्हणजे एखाद्या मोटारगाडीच्या वजनाचा. पल्ला २३-२४ मैल. कुलाब्याहून डागावा आणि ठाण्यात पडावा, एवढा! हा गोळा ढकलण्यासाठी लागत ११० पौंडी दारूच्या सहा थैल्या, त्याही रेशमी. रेशीम अशासाठी की ते जळून जाते, धुमसती चिंधी मागे ठेवत नाही.

आता त्या मुलाचे उत्तर. तोफेत स्फोट होतच नाही. झाला तर तोफ फुटेलच. दारू जळते, तीही शिस्तीने. प्रत्येक दाणा बाहेरच्या पृष्ठभागावरून जळत जातो आणि त्याचा वायू गोळ्याला रेटतो. पण गोळा पुढे सरकला की मागची पोकळी वाढते आणि वायूचा दाब उतरू लागतो. भरीव दाणा तर जळता जळता लहान होत जातो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. यावर तोड काय निघाली पाहा! दाण्याला आरपार सात छिद्रे ठेवली. बाहेरून दाणा झिजतो, पण आतली छिद्रे रुंदावत जातात. जळणारा एकूण पृष्ठभाग कमी न होता वाढतो. इंग्रजांची ‘कॉर्डाइट’ ही दारू १८८९ सालची. गन-कॉटन, नायट्रोग्लिसरीन आणि थोडे व्हॅसलीन यांच्या लगद्याची, सोऱ्यातून शेव पाडावी तशी, दोरी पाडीत. म्हणून ते नाव. दिवाळीच्या दिवसांत गृहिणींना ही कृती समजावून सांगायला नको!

परंतु औषधाची मात्रा चुकली की त्याचे विष होते. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत इंग्रजांच्या तीन मोठ्या क्रूझर नौका उडाल्या आणि तीन हजारांहून अधिक माणसे गेली. शत्रूच्या गोळ्याने लावलेली आग कोठारातल्या त्यांच्याच दारूपर्यंत पोहोचली होती. भराभर बार काढण्याच्या नादात संरक्षक दारे उघडी ठेवली आणि थैल्या बाहेर रचल्या, असे बरेच इतिहासकार मानतात. जर्मनांच्या दारूचा मुख्य भाग पितळी नळकांड्यात असे. त्यांचे नुकसान आटोक्यात राहिले.

शांततेच्या काळातही हे विष उतरलेले नव्हते. १९ एप्रिल १९८९ रोजी सराव चालू असताना ‘आयोवा’च्या दुसऱ्या बुरुजात दारू पेटली आणि ४७ खलाशी मृत्युमुखी पडले. आरमाराच्या चौकशीने ठपका ठेवला तो मेलेल्यांपैकीच एकावर. मेलेला माणूस काय उत्तर देणार? पुढे शास्त्रज्ञांच्या चाचण्यांत दिसले, की थैल्या नळीत फार जोराने रेटल्या गेल्या तरी दारू पेटू शकते. १९९१ साली आरमाराने निश्चित कारण सांगता येत नाही असे कबूल केले आणि त्या खलाशाच्या घरच्यांपाशी खेद व्यक्त केला. दारूपेक्षाही जपून हाताळायला हवा तो दोषारोप, हे मला त्या चौकशीने शिकवले.

मग आजच्या सागरी युद्धात या तोफांचा उपयोग काय? उत्तर १० डिसेंबर १९४१ रोजीच मिळाले होते. मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ जपानी विमानांनी बुडवल्या. एप्रिल १९४५ मध्ये अठरा इंची तोफांची जपानी ‘यामातो’ही विमानांनीच बुडवली. नळीतून सुटलेला गोळा पल्ल्याच्या टोकाला पोहोचायला मिनिटाहून अधिक वेळ घेतो. तेवढ्यात लक्ष्य वळले तर तो वळू शकत नाही. क्षेपणास्त्र वळते. आपल्याकडचेच पाहा. डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या मोहिमेत आपल्या ‘दिल्ली’ क्रूझरने सहा इंची तोफा चालवल्या. आणि अवघ्या दहा वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, कराचीवर चालून गेल्या त्या क्षेपणास्त्रे घेतलेल्या चिमुकल्या नौका.

तरीही किनाऱ्यावर मारा करताना मोठ्या तोफेचा दरारा शेवटपर्यंत टिकला. १९९१ च्या आखाती युद्धात ‘मिसूरी’ आणि ‘विस्कॉन्सिन’ यांनी मिळून हजाराहून अधिक गोळे डागले. ‘विस्कॉन्सिन’चे टेहळणीचे वैमानिकरहित विमान डोक्यावर दिसताच फैलाका बेटावरच्या इराकी सैनिकांनी त्यालाच पांढरी निशाणे दाखवली! विमानामागून काय येते, हे त्यांना ठाऊक झाले होते. आज या वर्गाच्या चारही नौका संग्रहालये झाल्या आहेत.

सोळा इंची तोफ गेली. तीन इंची राहिली. २०२४ साली तांबड्या समुद्रात इटलीच्या ‘काइओ दुइलिओ’ या विनाशिकेने ७६ मिलिमीटरच्या तोफेने ड्रोन पाडले. स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र उधळायचे तरी किती? तिथे साधा गोळाच परवडतो.

पुढच्या तासाला मी त्या मुलाला एवढेच सांगितले, “तोफ फुटत नाही, कारण दारूची मात्रा कोणीतरी नीट मोजलेली असते. मोजणाऱ्याची नजर ढळली की ती फुटते, आणि मरतो तो तिच्याजवळ उभा असलेला.” या वेळी मागच्या बाकांवर कोणी हसले नाही.