आदरार्थी बहुवचन

गेल्या महिन्यात सरांची हिब्रू पुस्तकं रद्दीत गेली. ज्या संस्थेला त्यांनी ती विश्वासानं दिली होती, तिला कपाटं रिकामी हवी होती. मला कळलं तेव्हा टेम्पो निघून गेला होता.

1981 ते 1990, दर रविवारी आम्ही चौघं भायखळ्याला सरांकडे जायचो. सर बेने इस्रायल ज्यू, घरची भाषा मराठी. पहिली दोन वर्षं अक्षरं आणि धातू गिरवण्यात गेली. मग तोराचं पहिलंच वाक्य आलं आणि आम्ही अडलो. 'एलोहीम', म्हणजे 'देव', हे रूप अनेकवचनी. 'बारा', म्हणजे 'निर्माण केलं', हे क्रियापद मात्र एकवचनी. सरांनी स्पेनमध्ये जन्मलेल्या अब्राहम इब्न एझ्रांचं बाराव्या शतकातलं भाष्य उघडलं. प्रत्येक भाषेची आदर दाखवायची रीत असते, असं ते सांगतात. हिब्रूत थोरांसाठी अनेकवचन येतं. "आपण 'बाबा आले' म्हणतो ना, तसं," सर म्हणाले. "फक्त आपलं क्रियापदही वाकतं, त्यांचं वाकत नाही." आठशे वर्षांपूर्वीचा तो माणूस आमच्या ओसरीवर येऊन बसल्यासारखं वाटलं.

पुढे येहुदा हलेवींचं 'कुझारी' वाचलं. त्यात म्हटलंय, 'एलोहीम' हे न्यायाधीशालाही लागणारं सामान्यनाम, देवाचं चार अक्षरी नाव (य-ह-व-ह) हे मात्र विशेषनाम. पहिल्यापर्यंत तर्कानं जाता येतं, दुसरं साक्षात्कारानंच कळतं. ते नाव आलं की सर 'अदोनाय' म्हणत. एका जाहीर व्याख्यानात एका नामवंत वक्त्यानं 'यहोवा' हाच मूळ उच्चार असल्याचं ठासून सांगितलं आणि हरकत घेणाऱ्या सरांना खाली बसवलं. पोथीतल्या त्या चार अक्षरांना स्वरचिन्हं 'अदोनाय'ची दिलेली असतात, वाचकाला आठवण राहावी म्हणून. ती अक्षरांशी जुळवून वाचल्यामुळे 'यहोवा' तयार झालं. सर बरोबर होते. हे तेव्हा उभं राहून मी बोलायला हवं होतं.

काबाला या ज्यू गूढविद्येतली देवाच्या नावांची कोष्टकं मला कधीच रुचली नाहीत. आता मात्र त्यांचीच चलती आहे. देवाची बहात्तर नावं कोरलेली लॉकेटं घरपोच येतात, आणि धातू विचारणारा विद्यार्थी मला गेल्या दहा वर्षांत भेटलेला नाही. 1190च्या सुमारास कैरोजवळ रांबामनी, म्हणजे मायमोनिडीजनी, 'मोरे नेवुखीम' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या पहिल्या भागातल्या 61व्या अध्यायात ते म्हणतात, देवाची बाकी सगळी नावं त्याच्या कृतींवरून आलेली, फक्त चार अक्षरी नाव तसं नाही. आणि तिथेच नावांचे ताईत लिहिणाऱ्यांवर ते संतापतात. सरांच्या प्रतीत त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीची दुहेरी रेघ होती.