फिल्टर बसला, पण बरोबर बसला का?

२००९ साली मी अमेरिकेतील एका विद्यापीठात संशोधन करत होतो. शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याने १९९० सालची जुनी फोर्ड मस्टँग घेतली होती. पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन. एका शनिवारी त्याने स्वतःच तेल बदलायचे ठरवले आणि बॅटरी धरायला मला बोलावले. गाडीखालचा ड्रेन प्लग काढला, काळे तेल भळभळा वाहिले, मग थेंब थेंब पडून थांबले. प्लग परत लावून तो नवे तेल ओतणार, एवढ्यात मी पुस्तिकेतली आकृती पाहिली. या गाडीच्या ऑइल चेंबरला पुढे-मागे दोन खळगे असतात, म्हणून प्लगही दोन! मागच्या खळग्यातले तेल तसेच होते. त्यावर पावणेपाच लिटर ओतले असते, तर वाढलेल्या पातळीमुळे फिरता क्रँकशाफ्ट रवीने ताक घुसळावे तसे ते घुसळू लागला असता. फेसाळलेल्या तेलात हवा असते. हवा दाबाखाली आकुंचन पावते, त्यामुळे असे तेल बेअरिंगमध्ये भार पेलू शकत नाही.

खरा धोका मात्र फिल्टरमध्ये होता. दुकानात स्वस्त मिळाला म्हणून त्याने एका जपानी गाडीचा फिल्टर आणला होता. आकार जवळजवळ तोच, रबरी कडेही तेवढेच. हाताने फिरवला, चांगला घट्ट बसला. मग बिघडले कुठे?

बिघाड आट्यांत होता. मस्टँगच्या फिल्टरची नळी पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मि.मी. व्यासाची असते, आणि तिला इंचाला १६ आटे असतात. म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.५९ मि.मी. आणलेल्या फिल्टरचे आटे होते २० मि.मी. व्यासाचे आणि १.५ मि.मी. अंतराचे. अशा फिल्टरच्या आतल्या आट्यांची टोके सुमारे १८.४ मि.मी. व्यासावर येतात. जोडी योग्य असेल तर आटे प्रत्येक बाजूला ०.८ मि.मी. एकमेकांत शिरतात. इथे ते जेमतेम ०.३ मि.मी. शिरले होते. शिवाय प्रत्येक आट्याला ०.०९ मि.मी.चा फरक पडत असल्याने चार-पाच फेऱ्यांनंतर ते एकमेकांत अडकतात, आणि हाताला वाटते की फिल्टर घट्ट बसला!

आता इंजिन सुरू झाले असे समजा. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ कि.ग्रॅ. असतो. रबरी कड्याचा व्यास ७ सें.मी. धरला तर आतले क्षेत्रफळ साधारण ३८ चौ.सें.मी. येते. म्हणजे फिल्टरला बाहेर ढकलणारे बल दीडशे कि.ग्रॅ. वजनाइतके. थंड तेल दाट असते, तेव्हा दाब याहूनही अधिक. ते सारे त्या ०.३ मि.मी.च्या पकडीवर! फिल्टर निसटला तर पंप काही क्षणांत सगळे तेल रस्त्यावर ओततो, आणि चालकाचे लक्ष दाबाच्या काट्याकडे जाईपर्यंत बेअरिंगचे काम आटोपलेले असते. आम्ही तो फिल्टर परत केला.

स्पोर्ट्स कारचे हौशी मालक आणखी एक चूक करतात. जाळी जितकी बारीक तितका फिल्टर चांगला, असे ते मानतात. पण तेवढ्याच क्षेत्रफळाचा कागद अधिक बारीक छिद्रांचा केला तर तेलाला विरोध वाढतो, आणि हा विरोध तेलाच्या दाटपणाच्या प्रमाणातही वाढतो. नेहमीचे १०डब्ल्यू-४० तेल १०० अंश सेल्सिअसला असते त्याच्या सहा-सात पट दाट ४० अंशांना असते, आणि थंडीतल्या पहाटे तर विचारूच नका. विरोध फार झाला की बायपास झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते, कारण कोरड्या बेअरिंगपेक्षा मळके तेल परवडले. ही झडप काही इंजिनांत फिल्टरमध्ये असते, तर काहींत इंजिनाच्या ठोकळ्यातच. दोन्हीकडे नाही अशी जोडी जमली, तर चोंदलेला फिल्टर एक तर कोलमडतो किंवा इंजिनाला उपाशी ठेवतो. म्हणून कंपनीने दिलेला क्रमांक पाहणे हेच शहाणपण.

प्लगकडे वळू. त्याचे काम फक्त भोक बुजवण्याचे, पण त्यात यामिकीचा एक सुरेख धडा आहे. समजा १२ मि.मी. व्यासाचा प्लग ३० सें.मी. लांबीच्या पान्याने १० कि.ग्रॅ. जोर लावून आवळला. परिबल सुमारे ३० न्यूटन-मीटर. अभियंते यावरून ताण काढण्यासाठी परिबलाला व्यासाच्या एक पंचमांशाने भागतात. उत्तर येते १२,५०० न्यूटन, म्हणजे सव्वा टनाहून थोडे अधिक! आता पान्यावर ६० किलोचा माणूस उभा राहिला तर? सात टनांच्या वर. अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेलेच म्हणून समजा.

चुंबक असलेले प्लगही मिळतात. फिल्टरच्या छिद्रांतून सुटणारी लोखंडाची अतिबारीक भुकटी ते पकडतात. पण अॅल्युमिनियम, बेअरिंगमधले तांबे, कथील वा रस्त्यावरची धूळ यांना चुंबकाशी देणेघेणे नसते, तेव्हा तो फिल्टरची जागा घेऊ शकत नाही. चुंबक कशाचा आहे हेही पाहावे. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपले चुंबकत्व गमावू लागतो, आणि शर्यतीच्या मार्गावर तेल १२० अंशांपर्यंत सहज तापते. तिथे समॅरियम-कोबाल्टचा चुंबक टिकतो. प्लगवर करडा मऊ लेप दिसला तर तो रोजची झीज. बोटांना टोचणारे तुकडे दिसले तर इंजिन उघडण्याची वेळ आली.

हा प्रयोग वर्गात करता येईल. गॅरेजमधून वाटीभर वापरलेले तेल आणावे, चुंबक प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळून त्यात फिरवावा, मग पिशवी पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहावे. हातमोजे जरूर घालावेत, कारण वापरलेले तेल त्वचेला अपायकारक असते. काम झाल्यावर ते मोरीत न ओतता गॅरेजवाल्यालाच परत द्यावे.