जनरेटर घ्यावा, पण हिशेबानं!



१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, दवाखान्यांना जनरेटरचा आधार घ्यावा लागला. शहरांची ही गत, तर आपल्या मळ्यातल्या वस्तीचं काय सांगावं? आपला कारखाना गळीत हंगामात बगॅसवर स्वतःची वीज करतो; घराला ती सोय नाही. तेव्हा जनरेटर जरूर घ्यावा, पण दुकानदार म्हणेल तो नव्हे.

आधी भार मांडा. दिवे, पंखे, फ्रीज यांना दोन-तीन केव्हीए पुरे. खरी भानगड मोटारीची! पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार चालताना साडेचार किलोवॅटच्या आसपास घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. डायरेक्ट स्टार्टर असेल तर दहा ते साडेबारा केव्हीए धरा. स्टार-डेल्टा असेल तर लहानात भागतं. उगाच मोठाही नको. हलक्या भारावर डिझेल इंजिन काजळी धरतं.

चेंजओव्हर स्विचमध्ये मात्र काटकसर करू नका. तो नसेल तर करंट उलटा लाईनवर चढतो. ट्रान्सफॉर्मर त्याचेच हजारो व्होल्ट करतो, आणि लाईन बंद समजून खांबावर चढलेला वायरमन आपल्याच गावचा असतो.

जनरेटर बंद खोलीत किंवा गोठ्यात ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न येता जीव घेतो. अर्थिंग पक्कं करा. आठवड्यातून दहा-पंधरा मिनिटं भार देऊन चालवा. नाहीतर ऐन वेळी बॅटरी उतरलेली सापडायची!