रायफलवरचा शिक्का वाचता येतो का?

'मेड लाईक अ गन' ही रॉयल एनफिल्डची जुनी टॅगलाईन बुलेटप्रेमींना पाठ असते. ती उगाच नाही! इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याला सुटे भाग पुरवले, म्हणून कंपनीने हे नाव घेतलं. बीएसए म्हणजे तर सरळ बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली, हा तिचा लोगो. म्हणजे ज्या गाड्यांवर आपण फिदा आहोत, त्यांचं नातं थेट बंदुकीशी.

अशी एखादी बंदूक मोताळ्याकडच्या जुन्या घरातही निघू शकते. अजिंठ्याच्या डोंगररांगांलगतचा हा भाग. रोही आणि रानडुकरं पिकात घुसतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले; पण पीकसंरक्षणासाठी किंवा स्वसंरक्षणासाठी घेतलेली परवान्याची हत्यारं घरात राहिली. आजोबा गेले की प्रश्न उभा राहतो, ही रायफल नेमकी कोणती?

बोलताना सगळे सरसकट 'थ्री नॉट थ्री' म्हणून मोकळे होतात. गडबड इथेच होते. .३०३ ही लष्कराची गोळी. तिची रायफल आजही 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडते, सामान्य परवान्यावर ती ठेवता येत नाही. इंग्रजांनीही ती सामान्य नागरिकांना नाकारली होती. त्यावर कंपन्यांनी शक्कल लढवली: ढाचा ली-एनफिल्डचाच, पण गोळी ऑस्ट्रियन ८ मिलिमीटरची. हीच .३१५. पुढे भारतीय आयुध कारखान्यांनीही ती बनवली आणि आपल्या खडकीच्या कारखान्याने तिची काडतुसं. ही 'अप्रतिबंधित' आहे. दिसायला बहिणी, कायद्याने मात्र दोन टोकं!

ओळखायची कशी? दोन्ही बोल्ट अ‍ॅक्शन. दर गोळीनंतर बोल्टची मूठ उचलून मागे ओढायची, पुढे ढकलायची. एनसीसीत .२२ चालवलेल्यांना हे माहीतच आहे. लष्करी .३०३ चं लाकूड जवळपास नळीच्या टोकापर्यंत जातं, मॅगझिनमध्ये १० गोळ्या बसतात. आयुध कारखान्याच्या .३१५ स्पोर्टिंग रायफलचं लाकूड अर्ध्यावरच थांबतं आणि मॅगझिन ५ गोळ्यांचं असतं.

लष्करी रायफलीतही प्रकार आहेत. १९०७ च्या मार्क थ्रीमध्ये मॅगझिन बंद करून एकेक गोळी भरण्यासाठी एक सरकती पट्टी होती. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायचं म्हणून ती काढली, नावापुढे चांदणी लागली. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर फोरची नळी लाकडाबाहेर डोकावते. १९६० च्या दशकात ईशापूरच्या कारखान्याने ७.६२ मिलिमीटरची टू-ए काढली. तिचं मॅगझिन चौकोनी. तीही प्रतिबंधितच.

पण लाकूड कापून लष्करी रायफल शिकारी करता येते. म्हणून नुसत्या लुकवर जाऊ नका, शिक्के वाचा. लष्करी रायफलीवर ते बोल्टच्या मागे, उजव्या बाजूच्या धातूच्या पट्टीवर असतात. राजमुकुट आणि खाली 'जी.आर.आय.' असेल तर ती स्वातंत्र्यापूर्वीची ईशापूरची. मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरची. बोअर मात्र नळीवरच्या शिक्क्यावरून आणि परवान्यातल्या नोंदीवरून जुळवायचा.

हे काम आपण घरी करायचं नाही हं! परवानाधारक गेल्यावर शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाने परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बुलडाण्याला, अर्ज करायचा. 'गोळी बसते का बघू' हा प्रयोग तर अजिबात नको; चुकीचं काडतूस जिवावर बेतू शकतं. गंज काढायला पॉलिश पेपरही घासू नका. शिक्का पुसला की रायफलची ओळखच गेली, आणि मग तुमच्या खरेपणावरच प्रश्न येतो.

आजोबांचे किस्से जरूर ऐका. पण अर्जात बोअर लिहिताना किस्सा नाही, शिक्का चालतो.