नांदणे, टाकणे आणि घराचा हक्क : मराठवाड्यातील आधारकार्याची वाढ

‘मुलगी नांदायला गेली’ हे वाक्य निलंगा, औसा, देगलूर या भागात आपण सहज बोलतो. ‘नांदणे’ म्हणजे वास्तविक सुखाने राहणे. परंतु व्यवहारात या शब्दाचा अर्थ सासरी टिकून राहणे एवढाच उरतो. जी टिकली नाही तिच्यासाठी बोलीत ‘टाकलेली’, ‘सोडलेली’ ही विशेषणे आहेत. व्याकरणदृष्ट्या दोन्ही कर्मणी आहेत. टाकणारा कोण, याचा उल्लेख त्यांत नाही. घरगुती हिंसेने पीडित स्त्रियांना आधार देणाऱ्या संस्थांचा अभ्यास करताना ही शब्दकळा ध्यानात ठेवा. ‘घरातली गोष्ट’ उंबऱ्याबाहेर बोलता येणे, हेच या कार्याचे पहिले पाऊल होते.

हे पाऊल महाराष्ट्रात पडले ते एका मराठवाड्याच्या मुलीमुळे. बीडचे माहेर असलेल्या मंजुश्री सारडा यांचा जून १९८२ मध्ये पुण्यात सासरी मृत्यू झाला. त्यांनी बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायालयात पुरावा म्हणून वाचली गेली. खालच्या न्यायालयांनी पतीला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये संशयाचा फायदा देऊन त्यांची मुक्तता केली. निकाल काहीही लागो, एका विवाहितेच्या खाजगी पत्रांतले दुःख प्रथमच सार्वजनिक चर्चेचा विषय झाले. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नारी समता मंच याच अस्वस्थतेतून उभा राहिला. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ आले आणि सासरचा छळ हा गुन्हा ठरला.

गुन्हा नोंदवता येऊ लागला, तरी तक्रार करून आलेल्या बाईने रात्री कुठे राहावे? शहरापेक्षा खेड्यात हा प्रश्न अधिक बिकट. माहेरी भावाचा संसार, अंगावर लहान मूल, हातात शेतमजुरीशिवाय काम नाही. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांच्या ‘मानवलोक’ या संस्थेचे कार्य १९८२ पासून सुरू होते. त्यातूनच शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’ हा महिला प्रकल्प उभारला. त्या मराठीच्या प्राध्यापिका आणि लेखिका होत्या. मराठीच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी. या कामाची वाढ आराखडा आखून झाली असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. एका गरजेने दुसरी दाखवली. तात्पुरता निवारा दिला की पोटगीचा खटला समोर येई, आणि खटला लांबला की हाताला काम शिकवावे लागे. आलेल्या स्त्रीला परत नांदायला पाठवणे हेच यश, ही समजूत या प्रक्रियेत हळूहळू मागे पडली.

याच काळात अन्यत्रही प्रयत्न चालू होते. संगमनेरला १९८८ मध्ये समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. ‘टाकलेली’ऐवजी ‘परित्यक्ता’ हा शब्द रुळला. अर्थ तोच, पण मागणीपत्रावर लिहिता येईल असा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ पासून पोलीस आयुक्तालयातच समाजकार्यकर्त्या बसवल्या. ही पद्धत शासनाने पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत नेली.

संस्थांनी वर्षानुवर्षे मांडलेला निवाऱ्याचा प्रश्न कायद्यात उतरायला बराच काळ गेला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा असून तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याचे कलम १७ सर्वांत महत्त्वाचे मानावे लागेल. घर पतीच्या किंवा अन्य कुणाच्या नावावर असो, स्त्री ज्या घरात कौटुंबिक नात्याने राहिली त्या घरात राहण्याचा हक्क तिला या कलमाने मिळतो. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. मारहाणीबरोबरच शाब्दिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही या कायद्यात हिंसा ठरतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. संस्थाही शासनाकडे सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी करून हा अहवाल लिहू शकतात. पूर्वी ज्या कार्यकर्तीला ‘तुमचा काय संबंध?’ असे विचारले जाई, तिला अशा नोंदणीने कायद्यातच स्थान मिळाले.

कलम २७ ची तरतूद आपल्या भागातील स्त्रियांना विशेष उपयोगाची आहे. पुण्या-मुंबईला दिलेली मुलगी माहेरी परतली, तर तिला दाद मागण्यासाठी सासरच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. ती तात्पुरती राहत असेल तेथील न्यायालयातही अर्ज चालतो; माहेर निलंग्यात असेल, तर निलंग्याच्या दंडाधिकाऱ्यांपुढे.