रँग्लरांचे घर

रँग्लर परांजपे म्हटले की मराठी माणसाला आधी केंब्रिज आठवते, मग फर्ग्युसन कॉलेज, आणि इतिहासात रस असणाऱ्याला सावरकरांचा दंड. १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून या प्राचार्यांनी विद्यार्थी सावरकरांना दहा रुपये दंड ठोठावला आणि वसतिगृहातून काढून टाकले. तो वाद अजूनही अधूनमधून निघतो. त्यामुळे लोकांच्या मनात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे एक करडे, हिशेबी, थोडे कोरडे गृहस्थ होऊन बसले आहेत. गणिती, नेमस्त, नास्तिक. यातला एकही शब्द खोटा नाही, पण एवढ्यावर हा माणूस संपत नाही. त्यांच्या घरात शकुंतला परांजपे वाढल्या, इरावती कर्वे वाढल्या आणि पुढे सई परांजपेही. मराठी समाजावर ठसा उमटवणाऱ्या या तीन स्त्रियांना वेगवेगळ्या वेळी एकाच पुरुषाचा आधार होता. एकीचा तो बाप, दुसरीचा मानलेला बाप आणि तिसरीचा आजोबा. त्यांच्या कारकिर्दीवर पुष्कळ लिहिले गेले, या नात्यांकडे मात्र कोणी फारसे वळले नाही.

सुरुवात कोकणात होते. दापोलीजवळच्या मुर्डी गावी १८७६ साली त्यांचा जन्म झाला. हुशार मुलाला गावात पुढची वाट नव्हती. ती वाट दाखवली धोंडो केशव कर्वे यांनी. नात्याने ते भाऊ, वयाने अठरा वर्षांनी वडील. पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले हे अण्णा तेव्हा शिकवण्या करून स्वतःचाच संसार कसाबसा ओढत होते. तरी मुंबईच्या बिऱ्हाडात त्यांनी रघुनाथाला शिकायला ठेवून घेतले. त्या बिऱ्हाडात नरहरपंत जोशीही असत. त्यांची बालविधवा बहीण गोदूबाई हिच्याशी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि त्यांच्या गावच्या, मुरूडच्या मंडळींनी त्यांना वाळीत टाकले. रघुनाथ तेव्हा सतरा वर्षांचा होता. ज्याने आपल्याला पोटाशी धरले त्याला गाव कसे वागवते, हे त्या वयातल्या मुलाने जवळून पाहिले. मला वाटते, त्यांचा बुद्धिवाद पुस्तकांतून आला त्याहून अधिक या अनुभवातून आला असावा. आणि रक्ताच्या पोरापलीकडेही कोणाला तरी वाढवायचे असते, हा धडा तर निश्चितच तिथला.

पुढचे सर्वांना माहीत आहे. फर्ग्युसनमधून पदवी, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिज, सेंट जॉन्स कॉलेज आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर. जॉर्ज बर्टविसल याच्यासह त्यांना गणिताच्या परीक्षेत विभागून पहिला क्रमांक मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या काळात अशा माणसाला सरकारी नोकरीत मोठा पगार आणि मोठा बंगला सहज मिळाला असता. परांजपे मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेल्या शब्दाप्रमाणे पुण्याला परतले आणि आजीव सदस्याच्या तुटपुंज्या वेतनावर १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. जवळजवळ दोन दशके त्यांनी ते पद सांभाळले.

१९०६ च्या जानेवारीत शकुंतला जन्मली. प्राचार्यांची मुलगी हुजूरपागेत जाऊ लागली आणि तिथे तिला एक मैत्रीण भेटली. तिचे वडील गणेश हरी करमरकर हे ब्रह्मदेशातल्या एका कापूस कंपनीत इंजिनिअर होते. १९०५ मध्ये तिकडे जन्मलेल्या त्यांच्या मुलीला तिथल्या मोठ्या नदीचे नाव मिळाले होते. सातव्या वर्षी ती पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात येऊन पडली. आईवडील समुद्रापलीकडे, पोर इथे एकटी. शकुंतलेच्या आईने तिला घरी आणले आणि ती त्या घरचीच होऊन राहिली. पुढे ती दिनकर कर्व्यांशी लग्न करून इरावती कर्वे झाली. तिचे सासरे म्हणजे तेच अण्णा, ज्यांनी रघुनाथाला मुंबईत ठेवून घेतले होते. कर्व्यांनी परांजप्यांना वाढवले, परांजप्यांनी वाढवलेली मुलगी कर्व्यांच्या घरी सून म्हणून गेली. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर जुळवून आणल्यासारखे वाटले असते.

इरावतीबाईंनी परांजप्यांवर एक लेख लिहिला आहे. त्याचे शीर्षक ‘दुसरे मामंजी’. पहिले मामंजी भारतरत्न, आणि तरीही सुनेला दुसऱ्यांवर स्वतंत्र लिहावेसे वाटले, यातच सारे येते. थोर समाजसुधारकांच्या घरी मोकळेपणा आपोआप नांदतो असे नाही. इरावतीबाई १९२८ मध्ये मानववंशशास्त्राच्या पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीला निघाल्या तेव्हा खुद्द महर्षींना ते पसंत नव्हते. जीवराज मेहतांनी कर्ज दिले, दिनकरराव पत्नीच्या पाठीशी ठाम उभे राहिले आणि त्या गेल्या. महर्षींची थोरवी याने कमी होत नाही, पण स्वतःच्या घरातल्या मुलीसुनांच्या पंखांना वाव देणे हे स्त्रीशिक्षणाची संस्था काढण्याइतकेच, कधी त्याहूनही, अवघड असते. परांजप्यांनी ही अवघड परीक्षा एकदा नव्हे, पुनःपुन्हा दिली.

शकुंतलाबाई केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या. १९२९ मध्ये तिथला अभ्यासक्रम पुरा केला, मग लंडनला अध्यापनाची पदविका घेतली आणि जिनीव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत काही काळ काम केले. बापाने जे शिक्षण स्वतः घेतले तेच मुलीला दिले. त्या पिढीत मुलाला विलायतेला पाठवणारे बाप होते, मुलीसाठी हात मोकळा सोडणारे मोजकेच. पण इथवरची गोष्ट अभिमानाची आहे आणि अभिमान सोपा असतो. खरी गोष्ट नंतरची.

युरोपात शकुंतलाबाईंनी युरा स्लेप्त्झॉफ या रशियन चित्रकाराशी लग्न केले. ते टिकले नाही. त्या भारतात परतल्या. १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’त पडद्यावर दिसल्या. बालाजरठ विवाहाविरुद्ध उभ्या ठाकणाऱ्या त्या चित्रपटात त्यांनी म्हाताऱ्या नवऱ्याच्या समाजसेविका मुलीची भूमिका केली. १९३८ च्या मार्चमध्ये लखनौला सईचा जन्म झाला. त्या वेळी परांजपे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते, वय बासष्ट. मुलगी परदेशी माणसाशी लग्न करून, ते मोडून, लहान बाळासह माहेरी राहिली, आणि शिवाय सिनेमात काम केलेली. १९३८ सालच्या प्रतिष्ठित महाराष्ट्रीय घरात या बातमीने काय काय झाले असते याची कल्पना आजही करता येते. खालच्या आवाजातले बोलणे, पाहुण्यांपुढे टाळाटाळ, कुणातरी दूरच्या नातेवाइकाकडे रवानगी. परांजप्यांनी मुलीला आणि नातीला घरात घेतले. त्या दोघी त्यांच्याच घरात, त्यांच्याच नावाने राहिल्या. सई जन्मभर परांजपेच राहिल्या.

१९४४ मध्ये परांजपे भारताचे उच्चायुक्त म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले. मुलगी आणि सहा वर्षांची नात बरोबर होत्या. कॅनबेरा तेव्हा लहानसे, नवे वसवलेले राजधानीचे गाव. ऑस्ट्रेलियात गोऱ्यांखेरीज इतरांना वस्तीला येऊ न देण्याचे धोरण चालू होते, आणि तिथे पारतंत्र्यातल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून एक सत्तरीकडे झुकलेला मराठी गणिती नातीसह राहत होता. १९४७ पर्यंतची ती वर्षे सईच्या बालपणातली ऐन घडणीची. वडील जवळ नसलेल्या या मुलीला पुरुषमाणसाचे प्रेम, शिस्त आणि वादविवाद हे सारे आजोबांकडून मिळाले. आठव्या वर्षी तिचे ‘मुलांचा मेवा’ हे गोष्टींचे पुस्तक छापून आले. आठ वर्षांच्या मुलीने लिहिलेले पुस्तक छापण्यायोग्य आहे असे ज्या घराला वाटते, त्या घरात मुलांचे बोलणे ऐकले जात असले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलांशी लाडाने बोलतात. त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकणारी घरे थोडी असतात.

शकुंतलाबाईंनी आपले आयुष्य संततिनियमनाच्या कार्याला वाहिले. हा विषय काढणाऱ्याला समाज काय करतो हे त्यांना घरातच ठाऊक होते. महर्षींचे चिरंजीव र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते, या विषयापायी नोकरी गमावून आणि कोर्टाच्या पायऱ्या चढून. परांजपे स्वतः भारतातल्या बुद्धिवादी चळवळीचे धुरीण, त्यामुळे विचार पटणे स्वाभाविक होते. पण विचार पटणे वेगळे, आणि सर ही पदवी मिरवणाऱ्या माजी शिक्षणमंत्र्याने आपल्या मुलीला बायकांच्या घोळक्यात पाळणा लांबवण्याची साधने समजावून सांगताना पाहून मान ताठ ठेवणे वेगळे. १९५८ ते १९६४ त्या विधान परिषदेवर होत्या, मग राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेल्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. बापाने त्यांतला पहिला अर्धा भाग पाहिला.

उतारवयातही परांजपे स्वस्थ बसले नाहीत. १९५६ ते १९५९ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६१ मध्ये आत्मचरित्र आले, त्याला त्यांनी क्रिकेटच्या भाषेत ‘एटी-फोर नॉट आउट’ असे नाव दिले. नात तोवर आकाशवाणी, मग दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय या वाटेला लागली होती. गणिताच्या घरातली मुलगी नाटकाकडे वळली, तिलाही कोणी अडवले नाही. १९६६ च्या मे महिन्यात, नव्वदी ओलांडल्यावर ते गेले. ‘स्पर्श’, ‘चष्मेबद्दूर’, ‘कथा’ हे नातीचे चित्रपट सगळे पुढचे.

परांजप्यांच्या राजकारणाशी माझे पटत नाही. टिळकांच्या पुण्यात राहून त्यांना लोकांच्या मनातला विस्तव नीट कळला नाही, असे मला अजूनही वाटते, आणि सावरकरांना केलेला दंड समर्थनीय वाटत नाही. पण घरातल्या माणसांशी ते कसे वागले हे पाहिले की त्यांच्याविषयी आदर दाटून येतो. ज्या स्वातंत्र्याविषयी ते व्याख्याने देत, ते आधी घरातल्या बायकामुलींना मिळाले. सुधारकांच्या यादीत ही गोष्ट फार थोड्यांविषयी म्हणता येते.

हा माणूस ज्यांना ओळखून घ्यायचा असेल, त्यांनी त्यांचे आत्मचरित्र सगळ्यात शेवटी वाचावे. आधी इरावतीबाईंचा ‘दुसरे मामंजी’ वाचावा, मग शकुंतलाबाईंचे ‘काही आंबट काही गोड’ आणि सई परांजप्यांचे ‘सय’. त्यांनी वाढवलेल्या तिघींचे हे लेखन जुन्या ग्रंथालयांतून मागून घेऊन वाचावे आणि घरातल्या मुलींच्या हातीही द्यावे.